विहिरीवरचं जाळं

एप्रिल सरत आला की बाबा फोनवर एवढंच विचारतात,
"पोरां कधी निघतत?"
तारीख कळली की माळ्यावरून रापणीचं जुनं जाळं खाली येतं
आणि विहिरीवर ताणून बांधलं जातं.
तोंडवळीत आमच्या येण्याची वर्दी
एवढीच असते.

मिहिकानं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती चार वर्षांची होती.
"आजो, यात मासे किती मिळतात?"
"मासे नाय गो. ह्या तुमकां धरूक."
तेव्हापासून ती विहिरीजवळून जाताना
हात पाठीमागे घट्ट धरून चालते.
ओजसही तसाच चालतो,
का ते त्याला माहीत नाही.

मेभर त्या जाळ्यात काय काय सापडतं:
फणसाची पानं, एक निळी चप्पल,
ओजसचा डायनासोर, पाय वर केलेला,
एक रायवळ, मुंग्यांनी आधीच वाटून घेतलेला.
कोपऱ्यात एक भोक ठेवलेलं आहे,
आईची कळशी जाईल एवढंच.

यंदा आम्ही पोचलो
तर जाळं कठड्याशी गुंडाळून पडलेलं.
आई म्हणाली, "उनाचा जमना नाय त्यांकां."
बाबा म्हणाले, दोरी कुजली.
दोरी नवी होती. हिरवी, नायलॉनची, आचऱ्याच्या बाजारातली,
गुंडीवरचं रबरसुद्धा तसंच.

दुपारी पोरं झोपल्यावर आम्ही दोघं बसलो बांधायला.
बाबांच्या बोटांनी गाठ सुरू केली
आणि मध्येच थांबली,
कुणी ओळखीचं दारात यावं
आणि कशाला आलो तेच विसरावं, तशी.
चाळीस वर्षं घर चाललं या गाठीवर.
मला शिकवायची कधी कुणाला गरज वाटली नव्हती.
मी टोक हातात घेतलं.
"खालसून," ते म्हणाले. "खालसून घे. आता फिरव. ओढ."
तोंडात गाठ शाबूत होती.

मग सुट्टी सुट्टीसारखीच गेली.
अंथरुणात वाळू, पाठीवर घामोळं,
रातांब्यांच्या रसानं माखलेले दोन फ्रॉक.
ओजस ताटातल्या बांगड्याला घाबरला,
"तो माझ्याकडे बघतोय."
आईनं कांद्याची चकती उचलली
आणि माशाच्या डोळ्यावर ठेवली.
"निजलो तो. जेव आता."

एका रात्री जाग आली. पडवीतली खाट रिकामी.
बाबा विहिरीपाशी उभे, बनियनवर,
तळहात जाळ्यावर टेकलेला,
घोड्याची पाठ थोपटावी तसे थोपटत.
"भिवा इलो काय गो? होडी लोटूक व्हयी."
भिवाकाका जाऊन नऊ वर्षं झाली.
पनवेलला राहून माझी मालवणी गंजलीय,
पण त्या वेळी बरोबर आली तोंडात.
"भरती नाय अजून, बाबा."
त्यांनी समुद्राकडे कान दिला.
"खरां," म्हणाले, आणि माझ्यामागून घरात आले.
सकाळी कुणी काही बोललं नाही.
मिहिकाला घावन जाड हवं होतं, ओजसला पातळ.

निघायच्या दिवशी, दरवर्षीसारखी,
मी जाळ्याच्या गाठी सोडायला घेतल्या.
पहिली सुटलीही.
आई पदराला हात पुसत आली,
"ऱ्हवांदे ता."
माझ्याकडे बघितलं नाही तिनं.
सुटलेलं टोक माझ्या हातात दिलं.
मी खालून घेतलं, फिरवलं, ओढलं.

रिक्षातून मिहिका ओरडली,
"आजी, आम्ही गेल्यावर कोणाला धरणार?"
"कावळ्यांक," आई म्हणाली.
बाबा हसले सगळ्यांबरोबर.

आता आई फोन करते तो विहिरीपासूनच,
रेंज तिथेच येते.
मी विचारते, "जाळं?"
"आसा."
"गाठी?"
"बघलंय मी. आसत."
कळशी भोकातून खाली जाताना ऐकू येते.
आणि तिच्या मागे, थोड्या अंतरावरून,
उत्सुक, ताजा,
जणू माळा चढायला निघालेला आवाज:
"पोरां कधी निघतत?"